ऐंशी सेंटीमीटरची मावशी

लग्नाहून घरी आल्यावर बाकीच्या बायका आधी पाय धुतात, मावशी काडेपेटी शोधते. आहेरात आलेल्या कापडाच्या कडेचा एक धागा ओढायचा, ओट्याशी उभं राहून पेटवायचा. कागदासारखा भुर्रकन जळून राख झाली, तर "सुती हाये." आकसून काळा टणक मणी झाला, तर ती तो मणी दोन बोटांत चोळते आणि नुसतं "बरं" म्हणते. त्यानंतर त्या घरच्या लग्नातलं जेवण कसं होतं, हे तिला कुणी विचारत नाही.

मावशी अकोल्याला जठारपेठेत राहते, पण हा नमुना एकट्या अकोल्याचा नाही. अमरावतीला गाडगेनगरात आमच्या एका गल्लीत अशा तिघी आहेत. ओळख सोपी. घरातला दिवाण उघडायचा म्हटलं की सगळ्या पाहुण्यांना उठावं लागतं, आणि उघडल्यावर तो पुन्हा बंद होत नाही.

याचं मूळ ब्लाऊजपीसमध्ये आहे. ब्लाऊजपीस भरतो ८० सेंटीमीटर. हे माप ज्यानं काढलं त्यानं वऱ्हाडातली एकही मावशी पाहिलेली नसणार. आमच्या मावशीच्या ब्लाऊजला मीटर पुरत नाही. पण ओटीत कापड पडलं, दिल्याचं समाधान झालं, की देणारी मोकळी. घेणारी तेच कापड श्रावणात दुसरीच्या ओटीत घालते, दुसरी मार्गशीर्षात तिसरीच्या. असे पीस वर्षानुवर्षं घडी न मोडता जिल्हाभर हिंडतात. त्यांना थांबवणारं एकच ठिकाण, मावशीचा दिवाण. तिथं प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लागते: "दर्यापूर, बारसं." "कारंजा, साखरपुडा." "परतवाडा, वास्तू. (मणी.)"

मणीवाले पीस पिशव्या, उशांचे अभ्रे आणि मशीनच्या खोळीला जातात. सुती असेल ते माणसांना. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या वर चढला की तिचं पायमशीन खोलीच्या मधोमध, पंख्याखाली येतं. कापड आदल्या रात्रीच मिठाच्या पाण्यात बुडवलेलं असतं. आटायचं तेवढं बादलीत आटावं, अंगावर नको. रंग जायचा तोही तिथंच जावा. मग दोन पीस एका पायाला, दोन दुसऱ्याला, कमी पडलं तर शर्टपीसचं कात्रण. नेफा जुन्या धोतराचा, कारण ते धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की कमरेला काही आहे हे कळतच नाही. इलॅस्टिक वर्ज्य. "वळ उठतात बापा. मानसाचं आंग हाये, पोतं नोहे." शिवणीच्या कडा आत दुमडून ती वरून दुसरी टीप मारते, कुठंही टोचू नये म्हणून. आणि आसन एवढं ऐसपैस, की काका तो पायजमा घालून मांडी घालतात तेव्हा शेजारी आणखी एकाला जागा होईल असं वाटतं.

दिसायला तो पायजमा भयंकर असतो, यात वाद नाही. पण एकदा घातला की बाजारातली कुठलीही पँट शिक्षा वाटते. मी स्वतः अमरावतीत तीन वापरतो, अर्थात घरात. बेल वाजली की आधी आत पळायचं, पँट चढवायची, मग दार उघडायचं. दूधवाल्याला वाटतं, हा माणूस सकाळी सहाला ऑफिसला निघतो.

माझ्या मुलीनं एकदा विचारलं, "आजी, लोक काय म्हणतील?" मावशीनं मान वर न करता भिंतीवरच्या गाडगेबाबांच्या तसबिरीकडे कात्री दाखवली. शेंडगावचे डेबूजी अंगावर चिंध्यांची गोधडी घालून गावोगाव झाडू मारत हिंडले, लोक त्यांना चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणाले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. "आता सांग, कोन काय म्हनते?" बाबांनी चिंध्या पाहुण्यांच्या नावानिशी लावून ठेवल्या नव्हत्या, हे सांगायचं धाडस मात्र कुणाला झालं नाही.

कारण खरी भानगड तिथंच आहे. तिच्या हातचा पायजमा म्हणजे अंगावर घातलेली नातेवाइकांची यादी. "उजव्या मांडीवर कारंजा. गुडघ्याखाली दर्यापूर, ते जास्त दिवस टिकत नाही." दोन भावांचा वर्षभर अबोला असला, तरी काकांच्या पायजम्यात ते आसनापाशी दुहेरी शिवणीनं जोडलेले असतात.

मावशीपुरतंच नाही, या मुलखाचंच कापडाशी असं आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून या कापसाला 'ऊमरा' म्हणत. इथून बोंडातला कापूस जायचा आणि कापड होऊन पुन्हा इथल्याच बाजारात विकायला यायचा. आता कापूस पिकवणाऱ्याच्याच लग्नात आहेराला मणी निघतो, हा त्याच्या पुढचा विनोद.

गेल्या मे महिन्यात दुपारी मूर्तिजापूरचे इवाई, म्हणजे व्याही, न कळवता आले. काका ओसरीत त्याच पायजम्यात बसलेले. आत पळायला उशीर झाला होता. इवाईबुवांनी पाणी घेतलं, पावसाचा अंदाज घेतला, आणि मग त्यांची नजर काकांच्या डाव्या पायावर जी खिळली ती हलेना. मोरपिशी रंगावर बारीक कोयऱ्या. आमच्या पोटात गोळा.

"हे कापड..." ते म्हणाले.

"तुमचंच हाये," मावशी म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नाही. "पोरीच्या लग्नातलं. सुती निंगालं म्हनून पायजम्याले घेतलं."

इवाईबुवा पुढे वाकले, कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"मले वाटलंच. आमच्याइकडं ते तुमच्याच घरून आलं होतं. वास्तूले."

ओसरीत कुणी बोलेना. मग त्यांनी मांडीला चिकटलेली पँट दोन्ही हातांनी ओढून सैल केली, काकांच्या आसनाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "आमच्यासारख्याले किती पीस लागतील?"

मावशीच्या गळ्यात टेप होताच.