मंगळवाले काका

मंगळावर कायमचं राहायला जायला तयार असलेला एक तरी माणूस रायपूरमधल्या गुढियारीच्या प्रत्येक गल्लीत सापडेल. ओळखायला अगदी सोपा. "चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम आहे, येता का?" असं विचारलं की तो म्हणतो, "रेल्वे लाइन ओलांडून एवढ्या लांब कोण जाईल?" आणि त्याच दमात, जवळात जवळ असताना साडेपाच कोटी किलोमीटरवर असलेल्या ग्रहावर भाजीपाल्याची सोय कशी लावायची ते सांगायला लागतो.

आमच्या गल्लीतल्या अशा माणसाला सगळे मंगळवाले काका म्हणतात. खरं नाव रेशन कार्डावर आहे, तिथंच ते सुखात असावं. काका वॅगन रिपेअर शॉपमधून निवृत्त झाले. मालगाडीच्या डब्यांचे ब्रेक दुरुस्त करण्यात उमर गेली, त्यामुळे अवकाशयानाबद्दल त्यांना आदर असला तरी धाक नाही. "रॉकेट म्हणजे काय? उभी केलेली मालगाडी. फक्त ब्रेक नसतात," हे त्यांचं वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की ते 'उभी' म्हणाले की चहाच्या ठेल्यावरचं कुणीतरी उरलेलं पूर्ण करतं.

ठेला पडावाजवळ आहे. संध्याकाळी सातला थोक बाजारातली पोती उतरवून हमाल चहाला येतात, तेव्हा काकाही येतात. एनआयटीत शिकणारा एक पोरगा असतो. तो आकड्याशिवाय तोंड उघडत नाही आणि आकडा मिळाला की बंद करत नाही. काकांची पुतणी असते, रविशंकर विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या एमएस्सीला. चहावाला ऐकतो सगळं, पण महिन्याकाठी एखादाच प्रश्न विचारतो. एकदा त्यानं विचारलं, "मंगल म बासी मिलही का?" बासी म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात. बासीला पाणी लागतं, भाताला पाणी लागतं, धानाला तर लागतंच लागतं. सगळे गप्प झाले. मंगळावर पाणी आहे, पण गोठलेलं आणि जमिनीत. द्रव पाण्याचा साठा बघायचा तर पावसाळ्यात गुढियारीच्या अंडरब्रिजखाली जावं. तिथं शोधमोहिमेची गरज नाही.

काकांना अंतराळाचं वेड भिलाईमुळे लागलं. पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला, रशियन इंजिनियर आले, आणि त्यांच्यामागून गुळगुळीत कागदावरची स्वस्त पुस्तकंही. त्यात व्हॅलेंतिना तेरेश्कोवाचा फोटो होता. 16 जून 1963 ला ती एकटी अंतराळात गेली आणि पृथ्वीला 48 फेऱ्या मारून आली. स्त्रियांच्या बाबतीत काकांच्या पुरोगामीपणाचा पाया तो फोटो. "कापड गिरणीतली मुलगी! पॅराशूटवाली! अमेरिकेच्या वीस वर्षं आधी! मी काय जुन्या विचारांचा आहो का?"

पुतणी विचारते, "आणि दुसरी बाई कधी पाठवली त्यांनी?"

काका चहा ढवळतात. त्या चहात ढवळण्यासारखं काही नसतं.

दुसरी बाई गेली 1982 साली, म्हणजे 19 वर्षांनी. स्वेतलाना साविच्काया, विमानचालनात विक्रम केलेली वैमानिक. ती साल्यूत 7 स्थानकात पोचली तेव्हा तिथल्या पुरुष मंडळींनी तिच्यासाठी अ‍ॅप्रन काढून ठेवला होता. थट्टा होती म्हणे. अमेरिकेचं काही वेगळं नव्हतं. पुढच्या वर्षी सॅली राइड निघाली तेव्हा नासाच्या इंजिनियरांनी तिला विचारलं, आठवडाभरासाठी 100 टॅम्पॉन पुरतील का? पुतणीनं हे भर ठेल्यावर सांगितलं तेव्हा एनआयटीचा पोरगा आयुष्यात पहिल्यांदा एका आकड्यासमोर गप्प बसला.

पण खरी लढाई सिनेमावरून होते. 'मिशन मंगल' 15 ऑगस्ट 2019 ला आला आणि या ठेल्यावरून अजून उतरलेला नाही. त्यात विद्या बालनला इंधन वाचवायची युक्ती पुऱ्या तळताना सुचते: गॅस बंद केला तरी तापलेल्या तेलात पुऱ्या तळून निघतात. काकांना हा प्रसंग प्राणप्रिय. "बघ, स्वयंपाकघरातलं विज्ञान! आमच्या आईला हे माहीत होतं!" पुतणीचं म्हणणं, पाच शास्त्रज्ञ बायका आणि पोस्टरवर सगळ्यात मोठं डोकं अक्षय कुमारचं, आणि पुरुषाला युक्ती सुचायची असती तर ती प्रयोगशाळेत सुचली असती, कढईपाशी नाही.

मग पोरगा ठेवणीतलं अस्त्र काढतो. 24 सप्टेंबर 2014 ला मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा रेशमी साड्या आणि गजरे घातलेल्या बायका आनंदानं एकमेकींना भेटतायत, असा फोटो जगभर गाजला. "त्या शास्त्रज्ञ नव्हत्याच. ऑफिस स्टाफ होत्या. इस्रोनंच सांगितलं."

"इस्रोनं हेही सांगितलं," पुतणी म्हणते, "की नियंत्रण कक्षात शास्त्रज्ञ बायका होत्या. रितू करिधल होत्या, नंदिनी हरिनाथ होत्या. त्यांचा फोटो का नाही गाजला? कारण त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. त्यात गजरा दिसत नव्हता."

इथं माझं मत विचाराल तर मी पुतणीच्या बाजूचा. मात्र पुऱ्यांचा प्रसंग मलाही आवडला होता, हे मी तिला सांगितलेलं नाही.

काकू या चर्चेला येत नाहीत, पण त्यांचा एक आक्षेप घरातून ठेल्यापर्यंत पोचलेला आहे: सिनेमातल्या बायका अंतराळात केस मोकळे सोडून कशा काय फिरतात? मग सुनीता विल्यम्स आठ दिवसांसाठी म्हणून गेली आणि 286 दिवस राहिली, आणि रोज टीव्हीवर तिचे केस चारी दिशांना उभे. खऱ्या अंतराळातच केस मोकळे निघाले. काकू हरल्या नाहीत. "वेणी घालायला कुणी मना केलं होतं का तिला?" एवढंच म्हणाल्या.

काकांची खासियत अशी की ते वाद हरतात, पण मुद्दा घरी घेऊन जातात. मंगळावरून संदेश यायला 3 ते 22 मिनिटं लागतात; काकांना आठवडा लागतो. गुरुवारी ज्या मुद्द्यावर ते पुतणीवर भडकले, तोच पुढच्या गुरुवारी चहावाल्याला स्वतःचा म्हणून ऐकवतात, पुतणीच्या देखत. भाषेच्या अभिमानानं त्यांनी एकदा सांगायला घेतलं की 1900 साली 'केरळ कोकिळ' मासिकात 'चंद्रलोकची सफर' येत होती आणि त्याच साली माधवराव सप्र्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' सुरू केलं. म्हणजे मराठी माणूस एकाच वर्षी चंद्रावरही निघाला आणि छत्तीसगढातही रुजला! पुतणी म्हणाली, "ती सफर मूळ ज्यूल व्हर्नची. त्या चंद्रयात्रेत तीन पुरुष, कोंबड्या आणि दोन कुत्री. त्यातलं एक मादी होतं, डायना. महिला प्रतिनिधित्व संपलं." काका चिडून निघून गेले. आठ दिवसांनी मी स्वतः ऐकलं: "तुम्हाला सांगतो, व्हर्नमध्ये बाईच नाही हो! फक्त एक कुत्री!"

नारळीकरांच्या बाबतीतही तेच. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं, हा काकांचा लाडका किस्सा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात गेली होती, ही भर पुतणीची. त्या स्वतः गणितज्ञ होत्या. आता काका किस्सा सांगतात तो हस्ताक्षरापासूनच.

सगळ्यात मोठा भडका मात्र वसाहतीवरून उडाला. काकांचं म्हणणं असं की परग्रहावर वस्ती कशी करायची हे छत्तीसगढातल्या मराठी माणसाला कुणी शिकवू नये. "आमचे पूर्वज बिंबाजी भोसल्यांच्या संगं रतनपूरला आले. सतराशे अठ्ठावनची गोष्ट सांगून राहिलो मी. भाषा निराळी, हवा निराळी, ओळखीचं कुत्रं नाही. राहिलोच ना?" काकांच्या बैठकीत वंशावळीची चौकट आहे. सात पिढ्या, काळ्या शाईत, फांद्या-फांद्यांनी. पुतणीनं मोबाइलवर तिचा फोटो काढून आणला होता.

"काका, यात एकही बाई नाही."

"वंशावळीत नसतात, बेटा."

"मग या फांद्या कशा फुटल्या?"

हमाल हसले. काका म्हणाले, "बायका आल्या असतील मागून."

"मागून म्हणजे? दुसऱ्या रॉकेटनं?"

आणि मग ती आनंदीबाईंवर आली. बिंबाजी 1787 मध्ये वारले, त्यानंतर रतनपूरचा कारभार त्यांच्या विधवेनं, आनंदीबाईंनी, हातातून सुटू दिला नव्हता. ही गोष्ट काकांना माहीत होती. भोसल्यांची गोष्ट सांगताना तिथपर्यंत ते कधी पोचलेच नव्हते, कारण बिंबाजी गेले की त्यांची गोष्ट संपायची.

त्या रात्री काकांनी मंगळावरच्या पहिल्या तुकडीची यादी केली, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. 12 माणसं. 6 पुरुष, 6 स्त्रिया. "फिफ्टी-फिफ्टी," असं म्हणून त्यांनी ती ठेल्यावर पसरली. पुतणी बोट ठेवत वाचत गेली. कमांडर, इंजिनियर, खाणकाम, वीज, दुरुस्ती, संरक्षण: पुरुष. डॉक्टर, बाग, भोजन, शाळा, नोंदी, मनोबल: स्त्रिया.

"मनोबल म्हणजे काय काम, काका?"

"म्हणजे... वातावरण चांगलं ठेवणं."

"मंगळाचं वातावरण 95 टक्के कार्बन डायॉक्साइड आहे. ते सहा जणींच्यानं होणार नाही."

पोरगा मध्ये पडला. 2025 मध्ये शुभांशू शुक्लांनी अंतराळ स्थानकात मूग आणि मेथीचं बी उगवून दाखवलं, म्हणजे बागेचा प्रश्न सुटलाच, असं तो म्हणाला. काका खुलले. मेथी! मंगळावर मेथीची भाजी!

"निवडणार कोण?" पुतणी म्हणाली.

हा प्रश्न काकांना लागला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तर काका ओसरीत वर्तमानपत्र पसरून बसलेले, समोर बाजारातून आणलेल्या मेथीच्या जुड्या आणि मांडीजवळ रेल्वेतलं जुनं घड्याळ. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एकेक काडी उचलून ते पान न पान खुडत होते. कोवळं देठ ठेवायचं की टाकायचं, हे दर काडीला नव्यानं ठरत होतं. एका पानावर अळी दिसली, तिची तपासणी झाली. काकू दारातून बघून आत गेल्या, काही बोलल्या नाहीत, आणि काकांच्या दृष्टीनं ते बोलण्याहून वाईट होतं. पहिल्या जुडीला 40 मिनिटं लागली. काकांनी वेळ टिपून घेतली, 12 माणसांना किती जुड्या लागतील त्याचा गुणाकार मांडला, मंगळाचा दिवस आपल्याहून सुमारे 40 मिनिटांनी मोठा असतो तेवढी सूट धरली, आणि निष्कर्ष लिहिला: मेथी रद्द.

संध्याकाळी यादी बदलून आली. कमांडरच्या जागी 'स्त्री' लिहिलेलं होतं, भोजनात तीन पुरुष, आणि मनोबल खोडलेलं. भाजीच्या रकान्यात फक्त मूग. मुगाला निवडावं लागत नाही, असं काकांचं म्हणणं. पुतणीनं मुगातले खडे कोण काढणार ते विचारलं नाही. शहाणी मुलगी आहे.

सध्या वाद व्योममित्रवर चालू आहे. गगनयानात माणसांच्या आधी जाणारी ही इस्रोची यंत्रमानवी, जानेवारी 2020 मध्ये लोकांपुढे आली. रूप बाईचं, आणि पाय नाहीत. गगनयानासाठी निवडलेले चारही जण पुरुष आहेत. पुतणीला हे सांगतानासुद्धा हसू येतं; काका अजून उत्तर शोधतायत, आणि पुढच्या आठवड्यात पुतणीचंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

रायपूरला आलात तर संध्याकाळी सातनंतर पडावाकडे जरूर या. चहा काका पाजतील. फक्त 'मिशन मंगल' चांगला होता असं म्हणू नका. वाईट होता असंही म्हणू नका. पाहिलेला नाही म्हणालात, तर जेवूनच या.