जहाज सुटेल!

सव्वासातच्या डेक्कन क्वीनसाठी साडेपाचला पुणे स्टेशनात हजर असणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. गाडी अजून यार्डात असते आणि हे आपला डबा जिथे लागणार त्या खांबाखाली बॅगेवर ठाण मांडून बसलेले असतात. आमचे काका या पंथाचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभालाही ते हारांच्या आधी पोचले होते.

या पंथाचं दुःख असं, की घरात त्यांना कुणी कधी बरोबर म्हणत नाही. काकांना तो मान मिळाला एका क्रूझमुळे. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या मुलाने आईबाबांसाठी डिस्नेची क्रूझ काढली. फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हरलहून निघायचं, बहामाला जायचं, चार रात्री. वर म्हणाला, "बाबा, आपलं विमान लेट झालं तर जहाज थांबत नाही. तेव्हा दोन दिवस आधी ऑर्लँडोला जाऊन रिसॉर्टमध्ये राहा." काका क्षणभर गप्पच झाले. जिच्यापायी चाळीस वर्षं काकूंची बोलणी खाल्ली, तीच गोष्ट पोरगा पदरचे पैसे घालून करायला सांगत होता. "ऐकलंस?" ते काकूंना म्हणाले. "दोन तास नाही, दोन दिवस!"

तोवर दोघांनी बोट पाहिली होती ती काठावरूनच. काकांचं घराणं अलिबागकडचं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेवर माणसं गेली, आणि तेव्हापासून आजीने घरात कुणाला बोटीत पाय ठेवू दिला नाही. अलीकडे मुंबई-गोवा क्रूझचा विषय निघाला तर काका म्हणाले होते, "गोव्याला कोकण रेल्वे जाते की!" बहामाला रेल्वे जात नाही, त्यामुळे इथे त्यांचा नाइलाज झाला.

मी फ्लोरिडातच टँपाला राहतो, म्हणून त्यांना भेटायला रिसॉर्टवर गेलो. त्यांचं रिसॉर्ट, डिस्नेचं अ‍ॅनिमल किंगडम लॉज, म्हणजे फ्लोरिडात उभी केलेली आफ्रिका. २००१ साली उघडलं. गवती छपराच्या थाटाची भलीमोठी लॉबी, भिंतींवर मुखवटे, आणि गॅलरीत उभं राहिलं की समोर कुरणात खरेखुरे जिराफ, झेब्रे आणि हातभर लांब शिंगांची आन्कोले गुरं. काकू गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "अरे, ये ये! ही शिंगं बघ. पोळ्याला रंगवायची म्हटली तर दोन डबे लागतील."

काका आत होते. दोन्ही बॅगा पलंगाच्या पायाला साखळीने बांधलेल्या, साखळीला पितळी कुलूप, किल्ली जानव्याला. बॅगांवर नायलॉनची दोरी, आणि दोरीवर जहाजाचे टॅग लावूनसुद्धा झालेले. जहाज परवा सुटणार होतं.

"अहो, माझा कंगवा आत राहिलाय," काकू म्हणाल्या.

"आता टॅग लागले," काका म्हणाले. विषय संपला. काकूंनी खालच्या दुकानातून मिकीच्या कानांचा कंगवा आणला आणि त्याची किंमत रुपयांत काढून काकांना मोठ्याने ऐकवली.

काकांनी नियमावली मात्र पाठ केली होती. ऑनलाइन चेक-इन पहिल्यांदा जाणाऱ्यांना तीस दिवस आधी उघडतं, म्हणून त्या रात्री एडिसनला बारा वाजता सगळं घर जागं. इस्त्री आणि केटली जहाजावर चालत नाही, म्हणून दोन्ही माझ्या हवाली. घरचं खाणंही चालत नाही, कंपनीचं सीलबंद पाकीट असेल तरच. त्यामुळे काकूंनी केलेले बेसनाचे लाडू जहाजाआधी संपवणं आलं. हा एकच नियम मला मनापासून पटला.

फावल्या वेळात काका फोनवर एकाच प्रकारचे व्हिडिओ बघत होते. बहामातल्या नासाऊच्या धक्क्यावर जहाज सुटतंय, खरेदीच्या पिशव्या हातात घेऊन एक जोडपं जीव तोडून धावतंय, आणि वरच्या डेकवरून शेकडो लोक टाळ्या वाजवतायत. काका ते कीर्तन ऐकावं तशा भक्तीने बघायचे आणि शेवटी मान हलवून म्हणायचे, "यांच्याही घरी सांगणारा कुणीतरी असणार. ऐकलं नसेल."

संध्याकाळी आम्ही सना नावाच्या तिथल्याच हॉटेलात जेवायला गेलो. काचेबाहेर झेब्रा, आणि टेबलावर आलं काय, तर नान, कुलचा, पनीर पराठा आणि सोबत नऊ वाट्या! चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं, काकडीची कोशिंबीर. आफ्रिका दाखवायला अमेरिकेने आणलं आणि वाढली पंजाबी थाळी. काकूंनी प्रत्येक वाटीत बोट बुडवून परीक्षा घेतली. लोणचं उत्तीर्ण झालं. काकांनी जेवताना दोनदा बसथांब्याची चौकशी केली.

त्यांना रिसॉर्टमधलं काहीच आवडलं नाही असं नाही हं. बसमधून जाताना त्यांना एक कालवा दिसला. मी सहज सांगितलं, की ही सगळी दलदल होती. डिस्नेने १९६० च्या दशकात दुसऱ्याच कंपन्यांच्या नावाने गुपचूप जमीन घेतली आणि पनामा कालव्याच्या मुलखाचा गव्हर्नर राहिलेला जो पॉटर नावाचा लष्करी इंजिनिअर आणून मैलच्या मैल कालवे खणले. त्यांची दारं तरंगत्या फ्लोटवर चालतात. पाणी चढलं की आपोआप उघडतात, वीज नको की चौकीदार नको. काका सीटवरून उठलेच. "चौकीदार नको? मग रजिस्टरवर सही कोण करतं?" त्यानंतर अर्धा तास ते फक्त विसर्गाविषयी बोलत होते. परत आल्यावर गॅलरीसमोर जिराफ मान वाकवून पाला खात होता. काकांनी त्याच्या पायांमधून पलीकडच्या उताराचा अंदाज घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावावर आल्या. सुनेने दिलेला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख, वर टॉवेल घट्ट गुंडाळलेला. पंधरा मिनिटं पाय बुडवून बसल्या. मग घसरगुंडीच्या जिन्याशी पोरांची रांग होती तिच्यात शांतपणे जाऊन उभ्या राहिल्या. मी बघतच राहिलो. वरून त्या आल्या त्या "अगं बाई!" अशी आरोळी ठोकत, धपकन पाण्यात पडल्या, नाकातोंडातलं पाणी झटकलं, मंगळसूत्र चाचपलं, आणि पुन्हा रांगेत. चार वेळा. काठावर काका हातात चपला घेऊन उभे. "अगं, पडसं झालं तर जहाजावर घेणार नाहीत!"

"मग तुम्ही जा, मी इथेच राहते," काकू जिन्यावरून म्हणाल्या. माझ्या मते त्या दोन दिवसांतलं सर्वांत समंजस वाक्य हेच.

निघायच्या दिवशी बस यायच्या दोन तास आधी काका लॉबीच्या दारात बॅगेवर बसले होते. जहाजावरून रात्री फोन आला. भोंग्यातून म्हणे डिस्नेच्या गाण्याची धून वाजते. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज बुडाल्यापासून आणीबाणीची कवायत जहाज सुटण्याआधीच घेतात, आणि जमायच्या जागी पहिले पोचलेले प्रवासी काकाच. तिथली मुलगी त्यांना "वेल डन, सर" म्हणाली, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

तुमच्या घरी असे काका असतील आणि क्रूझचा बेत ठरत असेल, तर खुशाल एक दिवस आधी पोचा. त्यांचं त्यात चुकत नाही. औषधं, पासपोर्ट आणि पोहण्याचे कपडे तेवढे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमालांकडे द्याव्या लागतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला दुपार उलटून जाते. आणि कुलपाची किल्ली काकूंकडे द्या.