सातव्या ठोक्याचा डॉक्टर

लखनौला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला एक गोष्ट लवकर उमगते : या शहरात घड्याळाला फारसा मान नाही, मात्रेला आहे. आठची वरात साडेअकराला निघाली तरी कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. पण कथकच्या मैफलीत नाचणारीचं पाऊल समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, पाव मात्रा आधी पडू द्या. तिसऱ्या रांगेतले बुजुर्ग तोंडातलं पान चघळायचे थांबतात.

अशा शहरात माझ्या मुलीने ‘रिदम डॉक्टर’ हा गेम खेळायला घेतला. मलेशियाच्या हाफिज अझमन यांनी सुरू केलेला, ‘सेव्हन्थ बीट गेम्स’ या चिमुकल्या मंडळीचा हा उद्योग. नियम एका ओळीचा : रुग्णाच्या हृदयाचे ठोके मोजा आणि बरोबर सातव्याला स्पेसबार दाबा. रुग्णांत एक सामुराई आहे, एक कॉफीच्या आहारी गेलेला इसम आहे. औषध, सलाईन, विम्याचे कागद यांतलं काही नाही, फक्त ताल. २०२१ साली हा गेम अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला आला, लोकांनी तो तसाच घेतला आणि कंपनी पुढे अंकामागून अंक जोडत गेली. अर्धी इमारत बांधून ताबा देणारे बिल्डर आपल्याकडेही आहेत. फरक इतकाच, की यांनी उरलेले मजले खरोखर बांधले.

नवा मजला चढला की आमच्या घरात अर्थसंकल्प वाचल्याच्या सुरात घोषणा होते : ‘नवी गाणी आली! टायमिंग सुधारलं!’ गाणी मला सगळी सारखीच वाटतात, पण सुधारणांच्या यादीत माझा जीव रमतो. तालाच्या गेममध्ये सगळं दुखणं उशिराचं असतं. बोट वेळेवर पडतं, पण पडदा आणि आवाज आपापल्या सवडीने येतात. म्हणून असल्या गेममध्ये आधी टिकटिक ऐकवतात, आपल्याकडून बटण दाबून घेतात आणि तुमचं यंत्र किती मागे चालतं ते मोजून तेवढं पदरात घेतात. सगळ्यांत मोठा गुन्हेगार बिनतारी हेडफोन. ब्लूटूथने आवाज कानात शिरायला सेकंदाचा दहावा, कधी पाचवा हिस्सा सहज जातो. ब्लूटूथ मूळचा लखनौचाच असावा : चित्राला ‘पहले आप’ म्हणून वाट देतो आणि मग सावकाश स्वतः येतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्क तबलजी राहतात. गल्लीत त्यांना सगळे खाँसाहेब म्हणतात. मोदू खाँ आणि बख्शू खाँ यांनी दिल्लीचा तबला लखनौत आणून इथल्या नाचासाठी खुला-खणखणीत केला, त्या परंपरेचा त्यांना जाज्वल्य अभिमान. ‘बनारसवालों को भी हमीं ने सिखाया’ हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणतात. ते खोटंही नाही. बनारस घराण्याचे मूळपुरुष राम सहाय मोदू खाँचेच शागीर्द.

हे खाँसाहेब एका संध्याकाळी चहाला आले आणि मुलीने त्यांच्यापुढे स्पेसबार सरकवला. सात ठोके म्हटल्यावर त्यांचे डोळे लकाकले. ‘अच्छा, रूपक!’ म्हणजे सात मात्रांचा ताल. पडद्यावर ठोके सुरू झाले. सातवा आला, गेला. खाँसाहेब शांत. आठव्याला त्यांनी अशा नजाकतीने बटण दाबलं, की माझ्या तोंडून ‘वाह’ निघून गेलं. गेमने मात्र त्यांना सगळ्यांत खालची श्रेणी दिली.

‘दादाजान, सातव्याला मारायचं,’ मुलगी म्हणाली.

‘बिटिया, सातवीं पर तो आदमी रास्ते में होता है,’ खाँसाहेब म्हणाले. ‘मरीज़ को रास्ते में ही छेड़ दोगी, तो बेचारा सम पर कैसे पहुँचेगा?’

यावर मलेशियात काय उत्तर आहे मला ठाऊक नाही. रूपकाची गंमत आणखी पुढे आहे : त्याची समच खाली. इतर तालांत जिथे टाळी वाजते, तिथे रूपकात रिकामा हात फिरतो. म्हणजे नियमाने पाहिलं तर खाँसाहेबांनी बटण दाबायचंसुद्धा नव्हतं, नुसता हात हलवायचा होता. तेवढी सुधारणा अजून कुठल्या आवृत्तीत आलेली नाही.

या गेममध्ये स्वतःची पातळी रचायची सोय आहे. मुलगी ओळी आखून ठोके भरायला बसली, तेव्हा खाँसाहेब कळवळले : ‘मौसीक़ी ख़ानों में नहीं बैठती!’ मग मला मराठी बाणा दाखवणं भाग पडलं. कारण हे भांडण या शहरात एका मराठी वकिलाने आधीच ओढवून घेतलेलं आहे. वाळकेश्वरला जन्मलेल्या विष्णू नारायण भातखंड्यांनी उस्तादांच्या दारोदार जाऊन बंदिशी गोळा केल्या आणि सरळ रकान्यांत बसवल्या : समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे. ‘क्रमिक पुस्तकमालिका’ मूळ मराठीत, सहा भागांत निघाली. सोप्या रागांपासून अवघडाकडे. आजची पोरं याला ‘लेव्हल’ म्हणतात. १९२६ साली त्यांनी इथे मॅरिस कॉलेज काढलं. पुढे कैसरबागेत ते जिथे नांदलं ती वास्तू वाजिद अली शाहचा परीखाना. नवाब तिथे नाचगाण्याचं शिक्षण देववत असे. १८५६ साली इंग्रजांनी त्याला गादीवरून उठवून कलकत्त्याला धाडलं, नाहीतर पुढच्या आवृत्त्या त्यानेच काढल्या असत्या.

आवृत्त्या संस्थेच्याही निघाल्या : १९६६ साली कॉलेजला भातखंड्यांचं नाव, २००० साली अभिमत विद्यापीठ, २०२२ साली भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. नावं सुधारत गेली, फुली आणि शून्य तेच राहिले.

खाँसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ‘पंडितजी ने पता लिख दिया, जनाब. चलना तो हमें ही सिखाना पड़ा.’ मला वाटतं, वाद इथेच मिटतो. सम कुठे आहे ते रकाना सांगतो, गेमही सांगतो आणि सेकंदाच्या बारीक तुकड्यापर्यंत चोख सांगतो. तिथवर यायचं कसं, आळसावून की झेप घेऊन, हे मात्र दोघांच्याही हातात नाही.

तेव्हा गेम करणाऱ्यांना लखनौहून नम्र विनंती. पुढच्या खेपेला नवी गाणी घालाल त्यात अतिविलंबित एकताल घ्या. बारा मात्रांच्या एका आवर्तनाला मिनिटभर लागतं. खेळणाऱ्याला मधे चहा ओतता येईल आणि शेजाऱ्याची विचारपूसही होईल. चुकलेल्यावर लाल अक्षरांत ‘उशीर’ असं ओरडू नका. ‘तशरीफ़ लाइए’ लिहा, तो पुढच्या समेला आपणहून वेळेवर येईल. आणि वाचकहो, तुमच्या घरी कुणी हा गेम खेळत असेल तर त्याला तारेचा हेडफोन घेऊन द्या. सुधारणांच्या कुठल्याही यादीपेक्षा तो स्वस्त पडतो.