अकरा दिवसांचा उंदीर

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण खरी असणार हे मला मान्य होतं. ती इतकी वक्तशीर असेल असं मात्र वाटलं नव्हतं. १४ जानेवारी २०२० रोजी मला साठ वर्षं पूर्ण झाली आणि त्याच दुपारी, पुरणपोळीनंतर, सिंगापूरला मुलाच्या घरी सोफ्यावर लोळत मी सहा वर्षांच्या नातीसमोर जाहीर केलं की मी उंदीर आहे.

दोष पुस्तकाचा नाही. चिनी नववर्ष अकरा दिवसांवर आलेलं, म्हणून लायब्ररीत बारा प्राण्यांच्या गोष्टीची चित्रांची पुस्तकं दर्शनी मांडलेली होती. नातीनं त्यातली तीन उचलून आणली. गोष्ट एकच. स्वर्गाच्या सम्राटाला वर्षांना नावं द्यायची असतात, म्हणून तो प्राण्यांची शर्यत लावतो. नदी ओलांडून पहिले बारा जे येतील, त्यांचं नाव एकेका वर्षाला. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून फुकटात पलीकडे जातो आणि काठ आला की टुणकन उडी मारून पहिला. मागून बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, शेळी, माकड, कोंबडा, कुत्रा. सगळ्यात शेवटी डुक्कर. त्याला वाटेत भूक लागते, तो पोटभर खातो आणि ताणून देतो.

माझी नोकरी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यात गेली. एकाच गोष्टीच्या तीन नोंदी समोर आल्या की माझा हात आपोआप लाल पेन शोधू लागतो. एका पुस्तकात उंदीर मांजराला नदीत ढकलतो. दुसऱ्यात तिला सकाळी उठवायचं कबूल करून सोयीस्कर विसरतो. आठव्या प्राण्याला एक पुस्तक मेंढी म्हणतं, दुसरं शेळी. (चिनी भाषेत ‘यांग’ या एका शब्दात दोघी मावतात, हे मला मागाहून कळलं.) या विसंगती मी नातीला सविस्तर समजावल्या. “आजोबा, पान उलटा,” ती म्हणाली.

उलटता उलटता शेवटचं पान आलं. तिथं सालांचा तक्ता होता. मी बोट फिरवत गेलो. १९६०: उंदीर! शाळेपासून खात्यापर्यंत माझा पहिला नंबर कशातच आलेला नव्हता. इथं तो नुसत्या जन्मण्यावर आला होता.

“आपल्या गणपतीचा उंदीरही शर्यत जिंकलेला आहे बरं का,” मी सावरून बसलो. “कार्तिकेय मोरावरून पृथ्वी फिरायला गेला, आणि इकडे गणपतीनं आईवडिलांना प्रदक्षिणा घातली.”

“म्हणजे उंदीर तिथंही धावलाच नाही?”

“तीच तर हुशारी!”

“मग दोन्हीकडे त्यानं काहीच केलं नाही.”

आमच्या खात्यात बढती कशी मिळत असे, ते समजण्याचं तिचं वय नव्हतं.

तक्त्याखाली एक तारका होती. तारकेपुढे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. चष्मा आतल्या खोलीत होता. मी उठलो नाही.

संध्याकाळी सगळे चायनाटाऊनला गेलो. येणाऱ्या वर्षाचा जो प्राणी असेल त्याचे मोठमोठे दिवे तिथं रस्त्यावर लावतात. यंदा जिकडे पाहावं तिकडे उंदीर. आपल्याकडे वाढदिवसाला नगरसेवकाचे फ्लेक्स लागतात, तसा मी त्यांच्याखालून हात जोडत चाललो होतो. एका दुकानात बाईंनी विचारलं, तेव्हा छाती फुगवून सांगितलं, “माझंच वर्ष!”

बाईंचा चेहरा पडला. त्यांच्याकडे स्वतःचं वर्ष बारा वर्षांनी फिरून आलं की ते शुभ मानत नाहीत, उलट जपून राहावं लागतं. थोडक्यात साडेसाती, फक्त एका वर्षात आटपणारी. उपाय एकच, लाल कपडा. तोही अंगाला लागून. ‘अंगाला लागून’ म्हणजे काय हे कळावं म्हणून त्यांनी एक पाकीट काउंटरवर ठेवलं. आत तीन तांबड्याभडक चड्ड्या होत्या.

नवा कपडा धुतल्याशिवाय अंगाला लावायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा. तो पाळण्यासाठी मीच रात्री गुपचूप पाकीट मशिनमध्ये रिकामं केलं. मशिनमध्ये मुलाचे ऑफिसचे पाच पांढरे शर्ट आधीच होते.

सिंगापूरच्या सरकारी इमारतींत कपडे खिडकीबाहेर आडव्या बांबूंवर वाळत घालतात. सकाळी नवव्या मजल्यावर पाच गुलाबी शर्ट आणि त्यांच्या मधोमध तीन तांबड्या चड्ड्या वाऱ्यावर फडफडू लागल्या. खाली बसस्टॉपवरची माणसं मान वर करून बघत होती. मुलगा काही बोलला नाही. आठवडाभर गुलाबी शर्ट घालून तो ऑफिसला गेला आणि आठवडाभर त्यानं मला ‘बाबा’ म्हणून हाक मारली नाही.

चड्ड्या मी मुहूर्तासाठी राखून ठेवल्या. २५ जानेवारीला, शनिवारी, नववर्षाच्या दिवशी आंघोळ करून त्यांतली एक चढवली. त्यांच्या रीतीप्रमाणे संत्र्यांची जोडी घेतली आणि नातीचं बोट धरून समोरच्या आन्टींकडे गेलो. तिकडे वडीलधाऱ्या परक्या बाईला आन्टीच म्हणतात. आन्टींनी खारवलेलं भोपळ्याचं बी पुढे ठेवलं आणि विचारलं, “तुम्ही कोण?” वय विचारायची ही तिथली सभ्य तऱ्हा. प्राणी कळला की माणसं मनातल्या मनात साल काढतात.

“उंदीर,” मी म्हणालो. “१४ जानेवारी १९६०.”

आन्टींनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. आमची आजी तिथी मोजायची, अगदी तसा. पुन्हा एकदा फिरवला. मग माझ्याकडे दयेनं पाहून म्हणाल्या, “डुक्कर.”

उंदराचं वर्ष १९६० साली २८ जानेवारीला लागलं होतं. चौदा दिवसांनी हुकलो. त्यांचं वर्ष चंद्रावर चालतं. कधी २१ जानेवारीला सुरू होतं, तर कधी २० फेब्रुवारी उजाडते. तारकेपुढच्या दोन ओळींत तेच लिहिलेलं होतं.

हे मला कळू नये? माझ्या घरी गुढी उभी राहिल्याशिवाय शक बदलत नाही. पहिली जानेवारी हे साहेबाचं नववर्ष, असं मी दरवर्षी शेजाऱ्यांना ऐकवतो. आणि खिडकीपलीकडून बाळाची तारीख चुकीची सांगणाऱ्या बापांना मी उभ्या हयातीत किती फैलावर घेतलं, याची तर नोंदच नाही.

आन्टी अजून हिशोब करतच होत्या. डुकराचं वर्ष २०१९ चं, ते काल रात्री संपलं. म्हणजे तांबडं घालायचं ते सगळं वर्ष मी पांढऱ्यावर काढलं होतं, आणि धोका टळला त्या दिवशी सकाळी तांबडं चढवलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. पण त्यांची खिडकी आमच्या बांबूंसमोरच उघडते. त्या हसल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या. (पुढे उंदराच्या त्या वर्षानं सगळ्या जगाचं जे केलं, ते पाहता लाल कपडा सरसकट वाटायला हवा होता.)

आन्टींचा जन्म १९५३ चा, नातीचा २०१३ चा. बारा प्राणी आणि पाच तत्त्वं मिळून साठ वर्षांचं एक आवर्तन होतं, आपल्या साठ संवत्सरांसारखंच. त्या हिशोबानं दोघी एकाच जातीच्या निघाल्या, पाण्यातला साप. पाणसाप! नातीनं लगेच जागा बदलली आणि ती त्यांना चिकटून बसली.

माझा चेहरा पाहून आन्टींनी तिच्या वहीत एक चिनी अक्षर काढलं. वर छप्पर, छपराखाली डुक्कर. त्याचा अर्थ, त्या म्हणाल्या, घर.

दुपारी जेवलो आणि सोफ्यावर पुस्तक उघडलं. मी आता उंदराला सोडून शेवटच्या प्राण्याची बाजू मांडणार होतो. बारावा का होईना, यादीत नाव तर लागलं. मांजराचं तेही नाही. पण डोळा कधी लागला कळलं नाही. जागा झालो तेव्हा वही माझ्या पोटावर होती. नातीनं आन्टींचं अक्षर स्वतःच्या हातानं पुन्हा गिरवलं होतं. छप्पर थोडं तिरकं होतं. खालच्या डुकराला चष्मा होता.