बिऱ्हाड हलवताना फर्निचर जपण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, कारण त्याच्याकडे गोदरेजचे कपाट नसते. ज्यांच्याकडे ते आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. इमारत पुनर्विकासाला गेलेले, मुलांच्या शाळेपायी उपनगर बदलणारे आणि घरमालकाच्या चिरंजीवांचे लग्न ठरल्याची गोड बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी जागा शोधायला निघालेले, अशा सर्वांनी तिचा लाभ घ्यावा.

प्रथम एक गैरसमज दूर करू. फर्निचरला खरा धोका रस्त्यावर नसतो. टेम्पोत नीट बांधलेले कपाट खड्डे मुकाट सोसते. त्याला पोचा पडतो तो जुन्या घरातून निघताना किंवा नव्या घरात शिरताना, म्हणजे नेमके आपल्या माणसांत असताना. फर्निचर जपायचे ते त्याच्यावर जीव असणाऱ्यांपासून. हे तत्त्व ध्यानी धरून पुढील नियम पाळावेत.

१. मोजमाप

टेप घेऊन आधी फर्निचर मोजावे, मग नव्या घराचा दरवाजा, लिफ्ट आणि जिन्याचे वळण. ‘बसेल हो, डोळ्यांनी कळतं’ असे म्हणणाऱ्या व्यक्तीस टेपचे दुसरे टोक धरायला द्यावे. उंची-रुंदी मोजून भागत नाही. साडेसहा फूट उंच व दीड फूट खोल कपाट आडवे आणून खोलीत उभे करताना मधल्या क्षणी त्याला सुमारे ६ फूट ८ इंच उंची लागते. खोलीतला माळा ६ फूट ७ इंचांवर असेल, तर त्याच्याखाली ते कपाट मावते, पण उभे होत नाही. हे पायथागोरसाने सांगून ठेवले आहे. हमालांना ते पायथागोरसाशिवाय कळते, पण त्यांना कोणी विचारत नाही.

२. गुंडाळणी

साहित्य: जुन्या चादरी, गोधड्या, पुठ्ठे, बबल रॅप, सुतळी, चिकटपट्टी. बबल रॅप घरातील सर्व वयोगटांपासून दूर ठेवावा. फुगे फोडण्याचा मोह साठीनंतर वाढतो.

क्रम महत्त्वाचा. लाकडाला आधी कापड, त्यावर पुठ्ठा, सर्वांत वर प्लास्टिक. बबल रॅप थेट पॉलिशवर गुंडाळला तर उन्हात तापून त्याचे ठिपके लाकडावर उमटू शकतात. चिकटपट्टी थेट लावली तर ती निघताना पॉलिशला सोबत घेऊन निघते. पांढऱ्या संगमरवराला वर्तमानपत्र गुंडाळू नये. शाई उतरते आणि टेबलावर कालचा अग्रलेख वाचायला मिळतो.

येथे एक तात्त्विक अडचण उद्भवते. प्लायवुडच्या टीपॉयला खरचटू नये म्हणून आजीच्या हातची गोधडी बाहेर काढली, की गोधडी मळू नये म्हणून तिच्यावर चादर घालण्याची सूचना येते. चादरही चांगली निघाल्यास जुने धोतर शोधले जाते. ही साखळी जिथे थांबेल तिथे सुतळी बांधावी.

३. सुटे करणे

जुना सागवानी पलंग सुटा करून पुन्हा जोडता येतो. सुताराने तो तसाच घडवलेला असतो. पार्टिकल बोर्डाच्या कपाटाचे तसे नाही. तो मुळात दाबून चिकटवलेला भुसा. एकदा काढलेला स्क्रू त्यात पुन्हा पिळला, की पकड सुटून हे मूळ रूप जमिनीवर सांडू लागते. असे कपाट शक्यतो अखंड न्यावे, अथवा त्याच्याशी असलेले संबंध या निमित्ताने संपवावेत.

खोलण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा. स्क्रू पिशवीत घालून पिशवी त्याच फर्निचरला बांधावी. ‘माझ्या खिशात राहू द्या’ म्हणणाऱ्या गृहस्थांची पँट संध्याकाळी धुवायला जाते, हे विसरू नये.

४. उचल

खण रिकामे करावेत. कपाट बुडाशी धरून उचलावे, हँडलला धरून नव्हे. कोणतीही वस्तू ओढू नये. आधी फरशी ओरडते, मग पाय मोडतो. संगमरवरी पाट आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने तडकू शकतो, म्हणून तो काचेसारखा उभा न्यावा. आरशावर चिकटपट्टीची फुली मारावी. तिने आरसा फुटायचा थांबत नाही, पण फुटल्यावर तुकडे विखुरत नाहीत.

प्रत्येक उचलीला ‘सांभाळून, सांभाळून!’ म्हणणारे किमान तिघे हजर असतात. चौथा ‘डावीकडे घ्या’ म्हणतो, तेव्हा त्याचे तोंड हमालांच्या विरुद्ध दिशेला असते. ओझे वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. सूचना वाहणाऱ्यांसाठी अद्याप कोणताही कायदा नाही. तोवर घरगुती उपाय करावा. सर्वांत अनुभवी काकांच्या हाती देव्हारा द्यावा. नव्या घरात देव आधी जायचे असतात, त्यामुळे काका पहिल्याच खेपेला रवाना होतात. दोन्ही हात गुंतल्याने त्यांना दिशा दाखवता येत नाही आणि मांडीवर देव असल्याने ड्रायव्हरला रस्ताही सांगता येत नाही.

५. लिफ्ट

नव्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटावे. सामान चढवण्याची वेळ, शुल्क व अटी ते सांगतील. आपण फर्निचरला गोधडी गुंडाळून आणतो, तेव्हा ते लिफ्टला आतून प्लायवुड लावून तयार असतात. दोन्ही पक्ष एकमेकांपासून इतके सुरक्षित झाले, की कपाट लिफ्टमध्ये मावत नाही. अशा वेळी जिना वापरावा. भिंतीच्या कोपऱ्याला लागलेल्या रंगाविषयी चौकशी झाल्यास तो आधीपासूनच उडालेला असतो.

६. पोचल्यावर

पावसाळ्यात गुंडाळणी त्याच दिवशी सोडावी. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडली की लाकडाला बुरशी येते. खण अडकू लागले तर रंधा मारण्याची घाई करू नये. लाकूड दमट हवेत फुगते आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा आकसते. जुलैत रंधलेला खण दिवाळीत खुळखुळतो.

कपाट भिंतीला चिकटवू नये. नव्या बांधकामाच्या भिंतींत ओल असते, म्हणून हवा खेळायला दोन-तीन इंच जागा सोडावी.

शेवटी, पुठ्ठे व बबल रॅप टाकून देऊ नयेत. महाराष्ट्रात भाडेकरार कितीही मुदतीचा असो, नोंदवावाच लागतो. तरी तो परंपरेने अकरा महिन्यांचाच होतो, आणि घरमालकाला धाकटा चिरंजीवही असतो. तेव्हा पुठ्ठ्यांच्या नीट घड्या घालून ते कपाटामागे हवेसाठी सोडलेल्या जागेत खोचून ठेवावेत.