गुंठ्यांच्या वारकऱ्यास, सासवडहून सप्रेम

श्री. रा. रा. गुंतवणूकदार साहेब,
मु. पो. कोथरूड, बाणेर किंवा जिथे हल्ली मुक्काम असेल तिथे, पुणे, यांस
सासवड कसब्यातल्या एका जुन्या किराणा दुकानदाराचा नमस्कार वि. वि.

दर रविवारी दिवे घाटात आपल्या गाडीमागे आमचा टेम्पो अडकू लागला, तेव्हापासून आपल्याला चार ओळी लिहाव्यात असं मनात होतं. आपण कठड्यापाशी गाडी लावता, खालचा मस्तानी तलाव पाठीशी येईल असा स्वतःचा फोटो काढता, सासवडात उतरता आणि पहिल्या भेटणाऱ्या माणसाला विचारता, ‘विमानतळ कुठे?’ आम्ही हात करतो तिकडे आपल्याला सीताफळाच्या बागा दिसतात. आपण एजंटाकडे रागाने पाहता. त्याला बोलू नका. त्याच्या फलकावर ‘विमानतळापासून पाच मिनिटं’ एवढंच लिहिलंय. ती कोणत्या सालातली पाच मिनिटं, हे त्याने कुठे लिहिलंय?

विमानतळाची घोषणा 2016 सालची. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी अशी सात गावं ठरली. मध्येच तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांची नावं पुढे आली, मग स्वारी पुन्हा मूळ सातांवर. विमान उतरायच्या आधी विमानतळच उडून परत आला, असा प्रकार दुसरीकडे कुठे घडला असल्यास कृपया कळवावे. या सातांतलं खानवडी हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं गाव. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्याच्या गावी धावपट्टीसाठी मोजणी, ही गंमत मोजणी करणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी. विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांना आपण ‘विकासाचे शत्रू’ म्हणता, असं ऐकतो. म्हणा. पण त्यांच्या सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं आहेत आणि आपलं नाव अजून विसार पावतीवरसुद्धा धड बसलेलं नाही.

पावतीवरून आठवलं. करारमदाराच्या बाबतीत हा तालुका अनुभवी आहे. 1665 साली पुरंदरच्या तहात महाराजांना 23 किल्ले द्यावे लागले, हाती 12 राहिले. 1776 साली पुरंदरचाच दुसरा तह झाला. तो कलकत्त्याच्या इंग्रजांनी केला आणि मुंबईच्या इंग्रजांनी मानला नाही. एकात जमीन गेली, दुसरा कोणी पाळला नाही. आपल्या एजंटाचा करार या दोन्ही परंपरांना धरून असेल, याबद्दल निश्चिंत असावे.

आता एका मुद्द्यावर नम्र तक्रार. फलकांवर आमच्या गावाला ‘पुण्याचं उभरतं उपनगर’ असं म्हटलेलं असतं. साहेब, बाळाजी विश्वनाथ पेशवे इथे राहत होते आणि 1720 साली इथेच वारले. त्यांची समाधी कऱ्हेकाठी आहे. पुरंदरे सरदारांचा वाडाही इथेच आहे. शनिवारवाड्याचा पाया 1730 सालचा. म्हणजे पेशवाईचं बिऱ्हाड सासवडहून पुण्याला हललं. तेव्हा उपनगर कोण कोणाचं, हे एकदा बसून ठरवू. चहा माझ्याकडून.

पाण्याची मात्र खरंच चिंता नको. आचार्य अत्रे इथलेच, शेजारच्या कोडितचे. त्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ नाव दिलं म्हणून नदीत ते असेलच असं समजू नये. पाण्याअभावी आमचे माळी नीरेच्या कालव्यावर गेले आणि 1930च्या दशकात तिकडे माळशिरस तालुक्यात त्यांनी साखर कारखाना काढला. त्याचं नावच ‘सासवड माळी’. तुकोबांच्या पालखीचं उभं रिंगण आज त्या कारखान्याच्या माळीनगरला होतं. जे मागे राहिले त्यांच्यासाठी पुरंदर उपसा योजनेने मुळा-मुठेचं पाणी वर आणलं. म्हणजे आपण पुण्यात आंघोळ करून जे सोडता, तेच उचलून आम्ही बागांना देतो आणि फळं आपल्यालाच विकतो. आमच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. त्यात आपलाही वाटा आहे, हे कोणी आपल्याला सांगितलं नसेल.

आपण ज्याला ‘पालखी महामार्ग टच’ म्हणता, त्याचं भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 रोजी पंढरपुरात झालं. दिवे घाट ते मोहोळ सुमारे 221 किलोमीटर, चौपदरी, दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी पायवाट. चांगली गोष्ट आहे. फक्त त्या रस्त्याला ‘टच’ व्हायला आजवर प्लॉट लागत नव्हता.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य एकादशीच्या सुमारास घाट चढते. रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. मग सासवडला दोन रात्री मुक्काम, कारण हे धाकट्या भावाचं गाव. सोपानकाकांची समाधी इथे आहे. थोरला भाऊ आला की दुसऱ्या दिवशी धाकट्याची पालखी वेगळ्या वाटेने पंढरीला निघते आणि पुढे ‘टप्पा’ नावाच्या ठिकाणी दोघांची पुन्हा भेट होते. या दोन रात्री आमची पेठ झोपत नाही. घाट चढून आलेल्या माणसाला काय लागतं, ते या दुकानांना पाठ आहे: चपलेचा अंगठा शिवून देणारा, पायाला चोळायचं तेल, ताडपत्रीचा तुकडा, गूळ-शेंगदाणे, दिंडीच्या चुलीसाठी डाळ-तांदूळ. ओसरीवर कोण झोपलंय हे घरमालक विचारत नाही. माझ्या वडिलांच्या वहीत दिंड्यांची उधारी असे. ती पुढच्या वारीला चुकती होई. पावती, वकील, दुय्यम निबंधक यांपैकी कोणी मध्ये नसे. आपल्यासारख्या मोठ्या माणसांना मात्र उधार देऊ नकोस, असं ते सांगून गेलेत. राग नसावा.

आपण प्लॉट घ्यालच. तारेचं कुंपण घालाल, नारळाची तीन झाडं लावाल, ‘खासगी मालमत्ता, प्रवेश बंद’ अशी पाटी ठोकाल आणि दिवाळीला एकदा गवत काढायला माणूस पाठवाल. दिंडीच्या राहुट्या कालपरवापर्यंत ज्या मोकळ्या रानात पडायच्या, तिथे आता अशा पाट्या उभ्या आहेत. वर्षातले तीनशे साठ दिवस जिथे कोणीच येत नाही, तिथे प्रवेश बंद करून आपण कोणाला अडवता, तेवढं एकदा पत्राने कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पेठेतला दुकानदार

ता. क. : पालखीच्या दिवसांत घाट वाहनांना बंद असतो. त्या आठवड्यात प्लॉट पाहायला येऊ नये. यायचंच असेल तर हडपसरहून चालत यावे, आणि कुंपणाचं फाटक तेवढे दोन दिवस उघडं ठेवावे.