अंदाजाचा मक्ता

आमच्या मलकपेठेच्या मैदानावर घोड्याला पैसा लावणाऱ्या गृहस्थास आपला अंदाज फसल्याची वार्ता दोन-तीन मिनिटांत मिळते, आणि तिकिटाचे तुकडे करून तो निमूटपणे पुढल्या शर्यतीकडे वळतो. परंतु अंदाज बांधण्याच्या रीतीचाच मक्ता कोणाकडे, यावरून दोन मातबर पक्ष कचेरीत उभे राहिले म्हणजे दहा वर्षेही अपुरी पडतात, याचा दाखला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधन-प्रतिष्ठानाने २०१४ साली ॲपल कंपनीवर गुदरलेल्या फिर्यादीत सापडतो.

संगणकातील प्रोसेसर मूळचाच उतावळा. आधीची आज्ञा पुरी होण्यापूर्वीच तो पुढची उरकून टाकतो; मात्र ज्या खणातला आकडा त्याने घाईने वाचला, त्याच खणात नवा आकडा लिहिण्याची क्रमाने पूर्वीची आज्ञा मागाहून अमलात आली, तर शिळ्या आकड्यावर केलेला सारा खटाटोप रद्द करून पुन्हा करावा लागतो. पिलानीत शिकलेले गुरिंदर सोही आणि त्यांचे तीन सहकारी यांनी यावर तोड काढली, ती अशी की, कोणती वाचनाची आज्ञा पूर्वी फसली याची तक्त्यात नोंद ठेवावी आणि पुन्हा फसण्याचा संभव दिसताच तिला थोपवून धरावे. १९९८ साली या युक्तीचे पेटंट त्यांच्या विद्यापीठाच्या याच प्रतिष्ठानास मिळाले.

हीच युक्ती ॲपलच्या ए-७ चिपमध्ये आहे, असे २०१५ साली मॅडिसनच्या ज्यूरीस पटले, तिने २३ कोटी ४० लक्ष डॉलरांची भरपाई ठरविली, आणि न्यायाधीशांनी पुढे ती ५० कोटींच्या पार नेली. २०१८ च्या अपिलात हे सारे द्रव्य हवेत विरले. कारण पेटंटात 'विशिष्ट' आज्ञेविषयीचे भाकीत नमूद होते, तर ॲपलच्या तक्त्यात एकाच खुणेखाली अनेक आज्ञा येऊ शकत होत्या. मलकपेठेच्या हिशेबाने, एकाच घोड्यावर पैसा लावण्याचा मक्ता ज्याने घेतला, त्याला अवघ्या तबेल्यावर लावणाऱ्यास चोर ठरविता येत नाही!

तेव्हा फिर्यादींना स्मरले की, युक्ती हुबेहूब नसली तरी समतुल्य खासच आहे. दुर्दैव इतकेच की, हा मुद्दा त्यांनी खटला उभा राहण्यापूर्वी आपखुशीने सोडून दिला होता, आणि सोडलेला मुद्दा निकालानंतर उकरता येत नाही, असा फैसला २०२४ साली अपील-न्यायालयाने दिला. आज्ञांचा क्रम मोडूनही काम कसे निभवावे, हे ज्यांनी प्रोसेसरास शिकविले, त्यांचा पक्ष युक्तिवादाचा क्रम मोडल्यामुळे गारद झाला. आणि वाया गेलेल्या कामाची फी परत करण्याची आज्ञा मात्र कोणत्याही वकिलाच्या तक्त्यात अद्याप नोंदली गेलेली नाही.